उफराटी

१

सावित्रीवहिनींचा फोन आला तेव्हा मी काळा कोट अंगात घालत होतो. "वकीलभाऊ, उफराटी गेली," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मी कोट परत खुंटीला लावला आणि भाट्याचा पूल ओलांडला.

उफराटी म्हणजे माणूस नव्हे, आंब्याची फांदी. वहिनींच्या घरामागे खाडीच्या अंगाला जुनं हापूसचं झाड आहे. समुद्रावरच्या वाऱ्यानं ते अख्खं झाड घाटाच्या दिशेनं कललेलं. एकच फांदी हट्टानं उलट निघाली होती, स्वयंपाकघराच्या कौलांवरून थेट खाडीकडे. वहिनींचे यजमान बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले की तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि तिला उफराटी म्हणायचे. ते गेले, नाव राहिलं. पुढे त्या घरात उफराट्या दोन झाल्या. एक ही फांदी आणि दुसरी, सासूबाई रागावल्या की, सून दीपाली.

पण फांदीची थोरवी नावात नव्हती. हापूस ज्यांनी नुसता खाल्लाय त्यांना साका ठाऊक नसतो. ज्यांनी पिकवलाय त्यांच्या तो स्वप्नात येतो. वरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गोळा, तो साका. बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून भल्याभल्या बागायतदारांची त्यानं नाचक्की केलेली आहे. याच झाडाच्या बाकीच्या फांद्यांच्या फळांत तो निघायचा. उफराटीच्या फळात वहिनींनी तो कधीच पाहिला नव्हता.

माझी भाची ज्ञानेश्वरी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत छोटी प्रयोगशाळा चालवते. झाडांची आणि माशांची जनुकं वाचायची, हा तिचा धंदा. उफराटीची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती जेवता जेवता थांबली, आणि समोर तळलेला बांगडा असताना ती सहसा थांबत नाही. पानं न्यायला ती याच आठवड्यात येणार होती. तिच्याआधी कुणीतरी करवत घेऊन आलं.

मी तिलाही बोलावून घेतलं. आदल्या दिवशी, श्रावणातल्या सोमवारी, वाऱ्यानं तारा तुटून साऱ्या एमआयडीसीची वीज गेली होती. फ्रीजरमधले नमुने वाचवायला ती दिवसभर जनरेटरपाशी बसून राहिली होती. डोळे तांबारलेले, पण आली. त्या सोमवारी दुपारीच, सासू-सून शंकराच्या देवळात गेलेल्या असताना, फांदी कापली गेली होती. पाऊस असा कोसळत होता की करवतीचा आवाज शेजारी कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. बुंध्याला घासून, खुंटसुद्धा न ठेवता केलेला ओला, पिवळसर काप दिसत होता. परसातून खाडीच्या पायऱ्यांपर्यंत काहीतरी ओढत नेल्याच्या खुणा होत्या. ओहोटीनं पुढचं काम केलं होतं. एक हिरवं पानसुद्धा मागे राहिलेलं नव्हतं.

ज्ञानेश्वरी आधी झाडाकडे न बघता छपराकडे बघत उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "मामा, एवढी मोठी फांदी, आणि एक कौल फुटलेलं नाही." मग ती माडाच्या आळ्यात गेली. तिथे पालापाचोळा टाकलेला होता. त्यातून तिनं कुजायला आलेली आंब्याची पानं उचलली आणि मला दाखवली. मी म्हटलं, पानं आहेत. ती म्हणाली, "हो, पण बिनदेठाची आहेत. गळलेलं पान देठासकट गळतं." ती पानं केव्हाची, असं तिनं विचारलं, तेव्हा वहिनींनी सांगितलं की आषाढ सरता सरता एकदा परसात पडली होती, त्यांनीच झाडून आळ्यात लोटली.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. "लाकडासाठी नाय रडत मी," त्या म्हणाल्या. "गणपती झाले की तिची कलमं बांधून घेणार व्हते. तिच्यासारखी दुसरी नाय. आता कुठून आणू?"

मागून त्यांचा मुलगा ऋत्विक म्हणाला, "काका, शोधायला कशाला हवं? मालगुंडला जा. ओमकारच्या नर्सरीवर पंधरा दिवस पाटी लागलीय. बिनसाक्याची कलमं मिळतील."

२

पाटी होती, आणि चांगली मोठी होती. ओमकार हा तिशीचा, गोड बोलणारा गृहस्थ. आम्हाला कोकम सरबत दिलं, खुर्च्या पुसून दिल्या, आणि ही कलमं आजोबांच्या झाडाची आहेत असं सांगितलं. झाड दाखव म्हटल्यावर ते झाड गेल्या चक्रीवादळात पडलं, असंही सांगितलं. मी वकिली नजरेनं त्याच्याकडे बघितलं. ती नजर कोर्टात चालते, मालगुंडात चालली नाही. ज्ञानेश्वरीनं एका कलमाची चार पानं मागितली. तो जरा चाचरला, पण नाही म्हटलं तर अंगाशी येईल हे त्याला कळत होतं. त्यानं पानं दिली.

दुसरा संशय लवूवर. वहिनींची बाग वर्षानुवर्षं तोच करारानं घेतो, मोहोर आल्यापासून पेटी भरेपर्यंत झाडं त्याच्या ताब्यात. झाडावर चढायचा त्याला हक्क आणि सराव दोन्ही. तो मात्र आमच्यावरच उखडला. "मी वैनींची फांदी तोडीन? उफराटीचा आंबा मी पेटीत सगळ्यात वर लावायचो. गिऱ्हाईक पहिला तोच कापतो." ज्ञानेश्वरीनं विचारलं की उफराटीची सगळी फळं त्याच्याकडेच जायची का. तो म्हणाला, "झाडावरची सगळी माझी. पडीचा आंबा घरधन्याचा, ही इथली रीत हाय. खाली पडलेल्याकडे मी वळून बघत नाय."

कलमं बांधणारे कोण आहेत इकडे, असंही तिनं विचारलं. लवूनं हात झटकले. त्याला स्वतःला ते येत नव्हतं. ओमकारकडे पगारी माणसं होती. "खरा हात व्हता लांज्याच्या बाबल्याचा," तो म्हणाला. "त्यानं वाळली काडी बांधली तरी फुटायची. आता थकलाय तो."

परत वहिनींकडे आलो तो दीपालीनं चहा आणला. तिच्या डाव्या अंगठ्यावर भरत आलेला चरा होता. वहिनी म्हणाल्या, विळीवर कापून घेतलंन, लक्ष कुठे असतं कोण जाणे. नागपंचमीला माहेरी, लांज्याला जाऊन आल्यापासून ही अशीच, विचारलं एक की सांगते दुसरं. उफराट्या डोक्याची.  दीपाली कप ठेवून आत गेली.

ऋत्विक मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. सोमवारी कुठे होतास, हे मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "पहिली पाळी होती, काका. दिवसभर मशीन सोडता आलं नाही." आणि मग ओमकारवर फिर्याद कधी घालता, असं त्यानं मला विचारलं. ज्ञानेश्वरीनं कपातला चहा संपवला आणि कपाच्या तळाकडे बघत राहिली. मला वाटलं तिला आणखी हवाय.

३

चार दिवसांनी तिनं मला प्रयोगशाळेत बोलावलं. पडद्यावर दोन लांबलचक ओळी होत्या, वरची वहिनींच्या झाडाच्या उरलेल्या फांद्यांची, खालची ओमकारच्या कलमाची. चारच अक्षरं, तीच पुन्हा पुन्हा, आणि त्यांची संख्या चाळीस कोटींच्या घरात. आंब्याच्या प्रत्येक पानात, पानाच्या प्रत्येक पेशीत ही पोथी पूर्ण असते, असं तिनं सांगितलं. म्हणजे एका पानात किती पोथ्या, याचा हिशेब करायला मी गेलो आणि सोडून दिला. दारातल्या आंब्याकडे मी जन्मभर नुसता आंबा म्हणून बघत आलो होतो.

दोन्ही ओळी जुळत होत्या. अक्षर न् अक्षर. मी टेबलावर थाप मारली आणि म्हटलं, झालं, ओमकार सापडला.

"मामा," ती म्हणाली, "हापूसची झाडं कोयीपासून नाही करत, काडी बांधून करतात. काडी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. तुमच्या दारातला हापूस, देवगडचा हापूस, हा मालगुंडचा, सगळे एकाच झाडाचे तुकडे आहेत. ते जुळणारच. न जुळते तर मी दचकले असते."

म्हणजे मी थाप मारली ती निष्कारण. पण मग उफराटी वेगळी कशी होती? तीही त्याच झाडाची. ज्ञानेश्वरी म्हणाली, तेच कळायला हवं, आणि ते कळायला उफराटीचा काहीतरी अंश हवा. पान, साल, काहीही. ते नसेल तर ओमकारकडे काय आहे आणि काय नाही, हे कुणालाच कधी सांगता येणार नाही.

आळ्यातली कुजकी पानं तिनं तपासून पाहिली होती, त्यांत वाचण्याजोगं काही उरलं नव्हतं, आणि उफराटी तर ओहोटीबरोबर गेलेली होती.

४

हे वहिनींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते ज्ञानेश्वरीकडे ढकललं. स्वयंपाकघरात बसून ती समजावत होती आणि वहिनी भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. अक्षरं तीच असून झाड वेगळं कसं, हे काही त्यांच्या गळी उतरेना. मग ज्ञानेश्वरी उठली आणि फळीपाशी गेली. तिथे वहिनींच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"काकू, या सात बरण्या. यातल्या मधल्या तीन मी अशा उलट्या क्रमानं लावते." तिनं लावल्या. "बरण्या तेवढ्याच. आतला जिन्नस तोच. पण मिठाच्या शेजारी आधी कोकमाची सोलं होती, आता ही आली. अंधारात हात घातला तर चुकेल की नाही?"

"चुकेल तर," वहिनी म्हणाल्या. "शेजार बदलला."

"जनुकांचंही तसंच असतं. कुणाच्या शेजारी कोण, यावर कोण जागं होणार आणि कोण झोपणार हे ठरतं. कधी कधी पोथीतला एखादा तुकडा निसटतो आणि उलटा होऊन परत त्याच जागी बसतो. अक्षरं मोजली तर काही हरवलेलं नसतं. उफराटीत असं झालं असेल का, एवढंच मला..."

ती बोलता बोलता थांबली. हातात एक बरणी होती. झाकण उघडून तिनं वास घेतला.

"काकू, ही आंबोशी कुठल्या आंब्याची?"

कच्च्या कैरीच्या फोडी उन्हात वाळवायच्या आणि वर्षभर माशाच्या कालवणात टाकायच्या, ती आंबोशी. वहिनींना प्रश्नच कळेना. "कुठल्या म्हणजे? दारातल्या. झाडावरचे सगळे लवूचे. मागल्या दारी जे पडतं तेवढं आमचं."

"आणि मागल्या दारी काय पडतं?"

वहिनींच्या हातातली भाजी तशीच राहिली. मागल्या दारावर आलेली फांदी एकच होती. वाऱ्यानं कैऱ्या पडायच्या त्या कौलांवरून घरंगळत परसात यायच्या, आणि त्या सगळ्या उफराटीच्या असायच्या. कापणाऱ्यानं एकूण एक पान खाडीत लोटलं होतं. कालवणाची बरणी त्याच्या डोक्यातच आली नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! कैरीचा गर हा झाडाच्या अंगाचाच भाग, असं ज्ञानेश्वरी म्हणाली. कोयीच्या आतला गर तेवढा पुढच्या पिढीचा. तिनं मूठभर फोडी कागदात बांधून घेतल्या. दीपाली दारात उभी होती. तिनं हळूच विचारलं, "वाळलेल्या फोडीवरून खरंच कळतं, ताई? कुठल्या फांदीचं ते?" ज्ञानेश्वरी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

५

आंबोशीनं आम्हाला रडवलं. वाळलेल्या फोडीतून पोथीची पानं अखंड मिळत नाहीत, चिटोरे मिळतात. तरीही यंत्रानं ते लाखो चिटोरे वाचले, मूळ ओळीशी ताडून पाहिले, आणि निकाल दिला की काही फरक नाही. वहिनींना काय सांगायचं, हा विचार करत मी खिडकीशी उभा राहिलो.

ज्ञानेश्वरी मात्र खुर्चीत तशीच. मग म्हणाली, "मामा, जे चिटोरे कुठेच बसले नाहीत, ते यंत्र बाजूला टाकतं. कचरा म्हणून. तो कचरा बघू या."

संध्याकाळ झाली. कचऱ्यात बराचसा खरोखरच कचरा होता. पण त्यात काही चिटोरे असे निघाले की त्यांचा अर्धा भाग पोथीत एका जागी चपखल बसत होता आणि उरलेला अर्धा तिथून कितीतरी लांब, दुसऱ्याच जागी, तोही मागून पुढे वाचला तर. एक चिटोरा असा निघाला तर चूक म्हणता आलं असतं. पण तसे कितीतरी निघाले, आणि सगळे त्याच दोन जागांवर बोट ठेवत होते.

तिनं ते पडद्यावर मांडलं. पोथीची सरळ ओळ, मग एक सांधा, मग लाखो अक्षरांचा तुकडा उलटा, पुन्हा सांधा, आणि पुढे ओळ सरळ. झाडात प्रत्येक पोथीच्या दोन प्रती असतात. त्यातल्या एका प्रतीत हे घडलं होतं. कधी काळी त्या झाडाच्या एका इवल्या डोळ्यात, एका पेशीत, हा तुकडा निसटून उलटा बसला असणार. त्या डोळ्यातून फांदी फुटली. मग तिच्या प्रत्येक पानात, प्रत्येक मोहोरात, प्रत्येक कैरीत तो तसाच उतरत राहिला, न चुकता. वहिनींच्या कालवणातही तो होता.

मी खुर्चीवर बसलो. वहिनींचे यजमान तिच्या सावलीत बसून तिला ज्या नावानं हाक मारत होते, तेच नाव तिच्या आत, कुणालाही न दिसणाऱ्या जागी लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाऱ्याकडे बघून ठेवलं होतं, हे मला ठाऊक आहे. योगायोग आहे, हेही ठाऊक आहे. पण अंगावर काटा आला तो आलाच, आणि माझ्या भाचीच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"साका याच्यामुळेच येत नव्हता का?" मी विचारलं.

"असं मी अजून म्हणणार नाही. पण एका सांध्याला लागून असलेल्या जनुकाचा शेजार बदललाय, एवढं नक्की." तिनं डोळे पुसले. "आता ओमकार."

तिनं ओमकारच्या कलमाचे चिटोरे, कचऱ्यासकट, त्या दोन सांध्यांवर ताडून पाहिले. सरळ ओळ. सांधा नाही. ओमकारकडे उफराटी नव्हतीच. साधा हापूस तो बिनसाक्याचा म्हणून विकत होता. लबाड होता, पण आमचा चोर नव्हता.

"मग करवत कुणाची?" मी म्हटलं.

"ते मला पहिल्या चहापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं ते वेगळंच होतं."

६

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वहिनी, ऋत्विक, दीपाली, तिघंही घरी होती. ज्ञानेश्वरीनं आधी निकाल सांगितला. ओमकारचं नाव पुसलं गेल्यावर ऋत्विक म्हणाला की मग लवू, दुसरं कोण चढतं झाडावर.

"लवूदादांना ती फांदी जिवंत हवी होती. त्यांची पेटी तिच्यावर खपायची," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आणि त्यांनी किंवा बाहेरच्या कुणी कापली असती, तर ती धाडकन कौलांवर आली असती. परक्याला कौलांचं काय? ही फांदी दोरानं बांधून, तुकडे करत, हळूहळू उतरवलेली आहे. वरच्या बेचक्यात दोराचा वळ आहे. कापणाऱ्याला फांदी नको होती, पण आईच्या चुलीवर पाणी गळायला नको होतं."

वहिनींनी मान वर केली.

"ऋत्विक, सोमवारी तू दिवसभर मशीनवर होतास म्हणालास. सोमवारी सगळ्या एमआयडीसीत वीज नव्हती. मी जनरेटरजवळ बसून होते. तुमचा कारखाना समोरच आहे. सकाळीच सगळ्यांना परत पाठवलं त्यांनी."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी कोर्टात आयुष्यभर ऐकल्या, पण या घरात मला त्या ओळखू आल्या नाहीत.  ऋत्विक जे बोलला ते आईकडे न बघता. कारखान्यात माणसं कमी करणार होते. पुण्याची एक पार्टी पर्यटकांच्या बंगल्यांसाठी बाग घ्यायला तयार होती. आई म्हणायची, उफराटीचं काय ते तपासून होऊ दे, मग बघू. तपासलं गेलं असतं तर आई कधीच तयार झाली नसती, हे त्याला कळत होतं.

"मला वाटलं, ती गेली की तुझं मन सुटेल," तो म्हणाला.

वहिनी ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "कौलं सांभाळलीस. आणि बाबांची सावली कापलीस." ते मला आजही ऐकू येतं. ऋत्विक भिंतीला टेकून रडायला लागला आणि मी, तीस वर्षं वकिली केलेला माणूस, खिशात घडी केलेला फिर्यादीचा मसुदा चाचपत बसलो.

मग वहिनींनी विचारलं, "आता ती कुठेच नाय ना, गो?"

"मला माहीत नव्हतं ते हेच," ज्ञानेश्वरी म्हणाली. "काकू, ती बिनदेठाची पानं आठवतात? कलमाची काडी घ्यायची असेल तर आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून खुडतात. मग डोळे फुगतात आणि काडी बांधण्याजोगी होते. म्हणजे करवतीच्या कितीतरी आधी कुणीतरी उफराटीवरच्या काड्या तयार केल्या होत्या. ऋत्विकला ते येत नाही, आणि त्याला काड्या नकोच होत्या. एका हाताला ती मरायला हवी होती. दुसऱ्या हाताला ती जगायला हवी होती." तिनं आपला डावा अंगठा वर धरला. "कलम बांधताना डाव्या हातातली काडी तासायचा चाकू अंगठ्याच्या दिशेनं ओढतात. नवशिक्याचा डावा अंगठा कापतोच. आषाढाच्या शेवटी पानं खुडली. नागपंचमीला कोण लांज्याला गेलं? आणि लांज्याचा बाबल्या कोण?"

दीपाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"माझे बाबा," ती म्हणाली.

७

ऋत्विकचं फोनवरचं बोलणं तिनं आषाढातच ऐकलं होतं. नवऱ्याविरुद्ध सासूला सांगायचं धाडस झालं नाही, आणि बाग जाणार हे ऐकून गप्पही बसवेना. शिडी लावून तिनं स्वतः पानं खुडली, आठ दिवसांनी काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून नागपंचमीच्या पिशवीत साड्यांखाली ठेवल्या. बाबल्याचे हात आता थरथरतात. तो शेजारी बसून सांगत गेला आणि तिनं कोयीपासून उगवलेल्या रायवळ आंब्याच्या रोपांवर त्या बांधल्या. "चोरीच केली, आई," ती म्हणाली. "फांदीच कापून टाकतील, हे मला नव्हतं ठाऊक."

आम्ही सगळे लांज्याला गेलो. ऋत्विकनं गाडी चालवली. बाबल्यानं पडवीच्या कडेला, गोणपाटाच्या आडोशाला ठेवलेली रोपं दाखवली. बरीच वाळून गेली होती. तीन जगली होती. त्यांच्या टोकाला तांबूस, लुसलुशीत पालवी आली होती, बोटाच्या पेराएवढी. ज्ञानेश्वरी गुडघ्यावर बसली आणि प्रत्येकाचं एकेक कोवळं पान इतक्या हलक्या हातानं घेतलं की मला श्वास रोखून धरावा लागला.

निकाल यायला वेळ लागला. मी मध्ये मध्ये मिरजोळ्याला चकरा मारत होतो, कामाचं निमित्त काढून. शेवटी तिनं एके सकाळी मलाच नव्हे, वहिनींनाही बोलावलं, आणि वहिनी दीपालीला घेऊन आल्या. पडद्यावर ओळ सरळ चालली होती. मग सांधा आला. मग तो लांब तुकडा, उलटा, जसा आंबोशीत होता तसाच. पुन्हा सांधा. तिन्ही रोपांत.

वहिनींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेल्या आणि त्या उलट्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हीच?"

"हीच," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आणि फक्त याच तीन रोपांत."

फिर्यादीचा मसुदा मी वहिनींपुढे ठेवला होता. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि मला परत दिला. पुण्याच्या पार्टीला नकार त्यांनी ऋत्विककडूनच कळवून घेतला. गणपतीनंतर परसात, जिथून कौलांवर सावली पडेल अशा जागी, खड्डा त्यालाच खणायला लावला. जांभ्या दगडात खड्डा खणणं म्हणजे शिक्षाच असते. तो दिवसभर पहार मारत होता, वर बघत नव्हता.

रोप लावायची वेळ आली तेव्हा दीपाली मागे सरकली. हे काम सासूनं करायचं, असं तिला वाटलं असावं. ती रोप पुढे करून उभी राहिली, आणि पिशवीची माती खड्ड्याऐवजी सासूच्या पायांवर सांडली. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडणार.

"उफराटी ती उफराटीच," त्या म्हणाल्या, आणि तिचा तो कापलेला अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला. "लाव, गो. तुझीच हाय ती."